शीतयंत्रांची आयात: बाँड हलका, हमी जड

शीतगृहाची यंत्रे आयात करताना जहाज न्हावा शेवाला लागण्याआधीच तीन गोष्टी पक्क्या व्हाव्या लागतात: माल सीमाशुल्क दरसूचीच्या कोणत्या शीर्षकात बसतो, शुल्क केव्हा भरायचे आणि बाँड कोणता द्यायचा.

फ्रीझर व शीतकरणाची बहुतेक यंत्रे ८४१८ या शीर्षकात येतात. सुटा कॉम्प्रेसर ८४१४ मध्ये, तर वातानुकूलन यंत्र ८४१५ मध्ये जाते. प्रश्न नुसत्या दराचा नाही. शीतक वायू भरलेल्या वातानुकूलन यंत्रांच्या आयातीवर ऑक्टोबर २०२० मध्ये बंदी आली, आणि ओझोनला घातक वायूंवर २००० सालच्या नियमांचे नियंत्रण आहे. म्हणून यंत्र कशासाठी आहे आणि त्यात कोणता वायू आहे, हे कॅटलॉगसह दाखवता आले पाहिजे.

सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम ४६ नुसार बिल ऑफ एंट्री (आयातीचे घोषणापत्र) आइसगेट या सीमाशुल्काच्या पोर्टलवर भरायचे असते. २०२१ च्या दुरुस्तीपासून ते सर्वसाधारणपणे जहाज येण्याच्या आदल्या दिवसाअखेर भरावे लागते. उशिराला पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि पुढे रोज १०,००० रुपये आकार आहे.

शुल्क लगेच भरायचे नसेल, तर माल बाँडेड गोदामात ठेवता येतो. कलम ५९ प्रमाणे शुल्काच्या तिप्पट रकमेचा बाँड लागतो. ९० दिवसांनंतर व्याज सुरू होते. वर्गीकरण किंवा किंमत वादात असेल, तर कलम १८ खाली बाँडवर तात्पुरती आकारणी होते. निर्यातीसाठी भांडवली यंत्रे आणण्याच्या ईपीसीजी योजनेत शुल्क माफ होते. बदल्यात वाचलेल्या शुल्काच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करण्याचे वचन बाँडने द्यावे लागते. द्राक्षांसाठी प्रीकूलिंग यंत्रणा आणणाऱ्या निर्यातदाराला हाच मार्ग सोयीचा.

बाँड म्हणजे लेखी वचन. त्यात पैसा अडकत नाही. अडकतो तो सोबतच्या बँक हमीत. हमीतली सूट प्रामुख्याने आजवरच्या निर्यातीवर मिळते आणि नव्या शेतकरी उत्पादक कंपनीकडे नेमकी तीच नसते. एरवीही निर्यातीची अट पुरी होईपर्यंत यंत्र विकता येत नाही, म्हणजे सरकारचे हित बरेचसे सुरक्षितच असते. यंत्र बसवल्याचा दाखला सादर होताच अशा छोट्या आयातदाराची हमी कमी केली, तर महसुलाची जोखीम फारशी वाढणार नाही आणि खेळते भांडवल मोकळे होईल.