खुर्ची सोडली म्हणजे भानगडच?

ऑक्टोबर २०२१. नवरात्र अगदी तोंडावर आलेलं. काचीगुड्याच्या आमच्या जुन्या घरी संध्याकाळचा चहा चालला होता, तेवढ्यात मेरीलँडहून भाच्याचा फोन आला. फ्रान्सिस कॉलिन्स वर्षअखेरीस एनआयएचचं, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन संस्थेचं संचालकपद सोडणार. भाऊजींनी बशी खाली ठेवली. म्हणाले, "काहीतरी भानगड असणार. नाहीतर कोण सोडतं?"

त्या वाक्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मानवी जनुकांचा आराखडा मांडणाऱ्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचा हा नेता. २००९ पासून बारा वर्षं एनआयएचचा संचालक. ओबामा, ट्रम्प, बायडन, तिघांच्याही काळात. त्यांचं म्हणणं साधं होतं : या पदावर एकाच माणसानं फार काळ बसू नये, नवा शास्त्रज्ञ यावा. आणि गेले कुठे? त्याच संस्थेतल्या आपल्या प्रयोगशाळेत. खुर्ची सोडली, काम नाही. आपल्याकडे या दोन गोष्टी वेगळ्या असतात हेच कुणाला पटत नाही.

"पण मागे जागा रिकामी पडली ना?" पडली. हंगामी संचालकावर कारभार चालला आणि मोनिका बर्टाग्नोली यायला २०२३ चा नोव्हेंबर उजाडला. तो उशीर नेमणाऱ्यांचा. जाणाऱ्यानं आधी सांगून ठेवलं होतं.

अमेरिका लांब वाटत असेल तर तार्नाक्याला चला. कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादेत आली, १९६९ मध्ये तिचं नाव राष्ट्रीय पोषण संस्था झालं. माझे वडील तिथल्या भांडारात होते. "गोपालनसाहेब म्हणजेच इन्स्टिट्यूट" असं आमच्याकडे जेवताना बोललं जाई. १९७४ मध्ये डॉ. सी. गोपालन भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे महासंचालक होऊन दिल्लीला गेले. ती बढती होती, राजीनामा नव्हे, कबूल. पण मागे काय राहिलं ते बघा. गावोगाव जाऊन लोक काय खातात ते विचारायचं, मुलांची उंची-वजनं घ्यायची, हे १९७२ मध्ये सुरू झालेलं राष्ट्रीय पोषण देखरेख ब्यूरोचं काम त्यांच्यामागे कितीतरी वर्षं चालू राहिलं. वडील एवढंच म्हणत, साहेब गेल्याच्या दुसऱ्या दिवशी भांडार रोजच्याच वेळेला उघडलं. तेव्हा मला ते कोरडं वाटायचं. आता वाटतं, साहेबांचं याहून मोठं कौतुक त्यांना जमलं नसतं.

केंद्राच्या आरोग्यसेवेत डॉक्टरांना पासष्टीपर्यंत नोकरी आहे, पण बासष्टीनंतर प्रशासकीय पद नाही. रुग्ण तपासा, शिकवा, संशोधन करा. मला हा नियम फार आवडतो. सरकारला सुचलं ते आपल्या मंडळांना का सुचत नाही?

आता घरचं सांगते. आमच्या मंडळाचे अध्यक्ष गेली चोवीस वर्षं भाऊजीच आहेत. दरवर्षी म्हणतात, "माझ्यानंतर बघणार कोण?" तीन वर्षांपूर्वी एक मुलगी आली होती, ग्रंथालयाची यादी संगणकावर घेते म्हणाली. भाऊजी म्हणाले, "नक्को, रजिस्टर आहे ना." ती पुन्हा आली नाही. सगळा दोष त्यांचाच असता तर लिहायला सोपं गेलं असतं. ते रजिस्टर माझ्या ताब्यात होतं. ग्रंथालयाची चिटणीस मी, सतरा वर्षं. त्या दिवशी मी तिथेच बसले होते आणि गप्प राहिले, कारण यादी संगणकावर गेली की मला कोण विचारणार, हे माझ्याही मनात येऊन गेलं होतं.

गेल्या आठवड्यात तिच्या घरी जाऊन कपाटांच्या किल्ल्या दिल्या. शनिवारी पुस्तकं लावायला जाणार आहे, ती सांगेल तशी. भाऊजी तेव्हापासून बोलत नाहीत. रविवारी वार्षिक सभा आहे. अध्यक्षपदासाठी दुसरं नाव मी सुचवणार आहे, आणि त्यात भानगड काही नाही, हे त्यांना इथेच सगळ्यांदेखत सांगते.