माशीच्या डोळ्यांत डोकावताना

कढीपत्त्याच्या कुंडीवर बसलेली माशी एरवी हाकलूनच दिली जाते. पण मॅक्रो लेन्समधून ती एकदा दिसली, की हाकलणारा हात थबकतो. हजारो बारीक मणी जडवल्यासारखे डोळे, पाठीवरचे राठ केस, पंखांवरची जाळी! हे सगळे टिपायचेच, अशा जिद्दीने नवशिका कॅमेरा सरसावतो आणि पहिल्याच दिवशी हिरमुसतो. डोळा लख्ख येतो, तर पाय धूसर. पायांवर नेम धरावा, तर डोळा गेलेला!

दोष कोणाचा?

दोष ना कॅमेऱ्याचा, ना हाताचा. कीटक जेवढा आहे तेवढाच सेन्सरवर उमटवायचा झाला, तर एफ ८ वर जेमतेम एक मिलिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. घरमाशी असते सहा-सात मिलिमीटर लांब. मग लेन्सचे छिद्र एफ २२ पर्यंत लहान करण्याचा मोह होतो. त्याने खोली वाढते खरी, पण विवर्तनामुळे सारेच चित्र पिठूळ दिसू लागते.

यावर उपाय म्हणजे फोकस स्टॅकिंग. कॅमेरा तिपाईवर पक्का बसवायचा, ऑटोफोकस बंद ठेवायचा आणि फोकस पुढून मागे केसभर सरकवत वीस-तीस फोटो काढायचे. एका फोटोतला स्पष्ट भाग पुढच्या फोटोतल्या भागावर थोडा चढायला हवा, नाहीतर मधे धूसर पट्टा राहतो. नंतर हेलिकॉन फोकस किंवा झिरीन स्टॅकरसारखे सॉफ्टवेअर प्रत्येक फोटोतला नेमका तुकडा उचलून एकसंध चित्र करते. गोधडी शिवावी तसेच!

पहिल्या फजित्या

गोधडी पहिल्या खेपेस उसवतेच. मुंगळ्याने मधेच मिशा हलवल्या, की दोनाच्या चार होतात. वाऱ्याची झुळूक आली, की पानासकट सगळी मेहनत वाया. एक्स्पोजर व व्हाइट बॅलन्स ऑटोवर राहिले, तर फोटोगणिक उजेड आणि रंग बदलतो. उघडा फ्लॅश मारला, तर चकचकीत पाठीवर पांढरा डाग पडतो. फ्लॅशसमोर ट्रेसिंग पेपर धरला, तरी बराच फरक पडतो.

खरी कसोटी

या फजित्यांना कंटाळून कोणीतरी सल्ला देतो, ‘कीटक फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर मारा. हलणारच नाही!’ नवशिक्याची खरी कसोटी इथेच लागते. लेव्हॉन बिस या छायाचित्रकाराची कीटकचित्रे २०१६ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात मांडली गेली. एकेका चित्रासाठी सुमारे ८००० फोटो जोडलेले होते. पण ते कीटक संग्रहालयात आधीपासून जपलेले नमुने होते. आपल्या छंदासाठी जिवंत जीव घेण्याची गरज नाही. भारतात तर काही फुलपाखरांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षणही आहे.

सरावासाठी खिडकीच्या चौकटीत आपोआप मरून पडलेली माशी पुरे. हात बसला, की पहाटे उठावे. कीटकांच्या शरीराची ऊब बाहेरच्या हवेवर अवलंबून असते. त्यामुळे गारव्यात चतुर आणि टाचण्या दव अंगावर घेऊन गवताच्या काडीवर निश्चल बसलेल्या असतात. ऊन चढेपर्यंतचा तो वेळ नवशिक्याच्या हक्काचा. तेव्हाही वीसऐवजी सात-आठ फोटोंवर समाधान मानावे. डोळे आणि तोंड स्पष्ट आले, तर मागचा पंख धूसर राहिला म्हणून बिघडत नाही.

चित्र जुळून आले, की घरातले सगळे संगणकाभोवती गोळा होतात. तोवर तो चतुर पंख वाळवून केव्हाच उडालेला असतो, आणि या छंदात तेच खरे यश.