गाविलगडाच्या बुरुजावरून

सेमाडोहास सिपनेच्या काठी चार दिवस मुक्काम करून परत फिरावे, असा आमच्या मंडळींचा बेत होता. परंतु इतक्या दूर आल्यावर गाविलगड पाहिल्यावाचून जाणे नाही, असा काकांनी हट्टच धरला. त्यामागे एक जुना वाद होता. गड फितुरीनेच पडला, असे आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. गेल्या गणपतीत आमच्या चिरंजीवांनी त्यास विरोध करून काकांचा रोष ओढवून घेतला होता.

दिल्ली दरवाजावरील गंडभेरुंड पाहून आत्याबाई तेथेच बसल्या. हा दोन तोंडांचा पक्षी विजयनगराकडचा. वऱ्हाडात तो कसा आला, याचे उत्तर फतहुल्ला इमादुल्मुल्क याच्या जन्मकथेत शोधतात. विजयनगरच्या मुलखातील हा ब्राह्मणाचा मुलगा लहानपणी बंदिवान होऊन मुसलमान झाला व पुढे वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक ठरला. अहमदशहा बहमनीचा हा गड त्याने 1488 मध्ये दुरुस्त केला.

“घर सुटले, पण खूण काही सुटली नाही हो,” एवढेच आत्याबाई बोलल्या.

बहराम बुरूज 1577 सालचा. त्यावर फारसी लेख आहे. तो आम्हांपैकी कोणासही वाचता येईना, याची मात्र लाज वाटली. दक्षिणेकडील कड्यावरून वऱ्हाडचे मैदान अचलपूरच्या बाजूस दूरवर पसरलेले दिसते. या बाजूने गड घेणे अशक्यच. म्हणूनच 1803 च्या डिसेंबरात वेलस्ली दक्षिणेस राहिला आणि स्टीव्हन्सन डोंगरांतून वळसा घेऊन उत्तरेस गेला. अवजड तोफा त्याच्या लोकांनी, रस्ता करीत करीत, बहुतेक वाट हातांनी ओढून नेल्या.

चिरंजीवांनी काकांना आतल्या तटासमोरील घळईशी आणले. “काका, 15 डिसेंबरास बाहेरचा तट फुटला, पण शत्रू येथे अडला. मग कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी या घळईतून चढली, शिड्या लावून तटावर गेली आणि तिने आतून दरवाजा उघडला.”

“म्हणजे दरवाजा आतूनच उघडला ना?” काका उसळून म्हणाले.

“होय, पण उघडणारे शत्रूचे लोक. भोसल्यांचा किल्लेदार बेणीसिंग दरवाजाजवळ प्रेतांच्या ढिगात सापडला. फितूर झालेला माणूस असा मरेल काय?”

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. एवढ्या माणसांवर आपण घरबसल्या कलंक लावीत आलो, हे त्यांस लागले असावे. निदान मला तरी लागले. दोनच दिवसांनी देवगावचा तह होऊन वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला, आणि एवढी मोठी हानी समजावून घेण्यास फितुरीएवढे सोपे कारण दुसरे नव्हते.

शेवटी काकांनी काठी टेकली आणि ते उठले. “शिड्या नेमक्या कोठे लावल्या, ते दाखव,” म्हणाले, आणि नातवाचा हात धरून घळईच्या कडेने चालू लागले. तिकडे दरवाजाशी आत्याबाईंनी दशम्यांचा डबा केव्हाच सोडला होता.