जुना संगणक भंगारात घालण्यापूर्वी



हल्ली गावोगावी फिरताना पीकपाण्याच्या प्रश्नांबरोबर आणखी एक प्रश्न हमखास पुढे येतो. ‘साहेब, घरातला कॉम्प्युटर आठ-दहा वर्षांचा झाला. दुकानदार म्हणतो, विंडोज १० चे दिवस संपले, नवा घ्या. पोरांचा अभ्यास, सातबारा, ऊसबिलाचा हिशेब सगळे त्यावरच आहे. काय करावे?’ नव्या यंत्राचा पैसा ऊसबिलाच्या हप्त्यातूनच काढायचा असतो. म्हणून याचे उत्तर सविस्तर देतो.

दुकानदार सांगतो ते अर्धे खरे आहे. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. घरगुती वापरासाठी नोंदणी करणाऱ्यांना आणखी एक वर्षाची मुदत ठेवली गेली, इतकेच. विंडोज ११ साठी लागणारे काही भाग जुन्या यंत्रांत नसतात, म्हणून ती त्यांवर नीट चढत नाही. परंतु यंत्र निकामी झाले असा याचा अर्थ नव्हे. बैल धडधाकट असताना केवळ जू बसत नाही म्हणून कोणी तो बाजारात नेत नाही. जू बदलून पाहतो.

हे दुसरे जू म्हणजे लिनक्स. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली याचा गाभा लिहिला आणि तो सर्वांना खुला केला. घरचे बियाणे आपण शेजाऱ्याला देतो, तो त्यातून निवड करतो आणि पुढे तिसऱ्याला देतो, तसाच हा प्रकार. वापरा, प्रत काढा, सुधारा, वाटा, कोणाची आडकाठी नाही. आपल्या देशात सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ मध्ये ‘बॉस’ नावाचा लिनक्स काढला. केरळातील सरकारी शाळांतली मुले तर कित्येक वर्षे लिनक्सवरच संगणक शिकत आहेत.

मी स्वतः २००६ पासून घरी लिनक्स वापरतो. शिबिरांची टिपणे, माती परीक्षणाचे तक्ते, घरखर्च सगळे त्यावरच होते. सध्याचे यंत्र २०१२ साली घेतलेले आहे. मध्ये एकदा जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली आणि मेमरी ४ जीबीची ८ जीबी केली. त्या एका खर्चावर ते आजही बिनतक्रार राबते आहे.

आधी प्रात्यक्षिक, मग लागवड

नवे वाण आले की आपण सगळे रान त्याखाली घालत नाही. चार सरींवर प्रात्यक्षिक घेतो. लिनक्सची मोठी सोय हीच आहे. तो पेनड्राइव्हवर घालून, संगणकाच्या हार्ड डिस्कला हात न लावता चालवून पाहता येतो.

नवख्याने लिनक्स मिंट घ्यावा. जुन्या यंत्रासाठी त्याची ‘एक्सएफसीई’ आवृत्ती हलकी पडते. २ जीबी मेमरीवर ती चालते, ४ जीबी असल्यास बरी चालते. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच फाईल उतरवावी आणि कॉलेजात शिकणाऱ्या मुलाकडून ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहून घ्यावी. त्या पेनड्राइव्हवरचे आधीचे सगळे पुसले जाते, म्हणून लग्नाचे फोटो असलेला पेनड्राइव्ह यासाठी देऊ नये. संगणक सुरू होताना एफ १२, एफ ९ किंवा एस्केप यांपैकी त्या यंत्राची जी कळ असेल ती दाबली की पेनड्राइव्हवरून सुरू करण्याची निवड मिळते.

मग एक दिवस घरातले प्रत्येक काम करून पाहावे. वाय-फाय लागतो का? प्रिंटर छापतो का? महाभूलेखवर सातबारा उघडतो का? महाडीबीटीचा अर्ज दिसतो का? मोबाईल वायरने जोडल्यास फोटो येतात का? आवाज येतो का? पेनड्राइव्हवरून यंत्र थोडे संथ वाटेल, त्यावरून मत बनवू नये.

कोणी बदलू नये

सोसायटीचे किंवा दूध संस्थेचे हिशेब टॅलीवर ठेवणाऱ्याने आपले कामाचे यंत्र बदलू नये. डिजिटल सहीची चावी वापरणाऱ्याने ती चालते याची खात्री झाल्याखेरीज पुढे जाऊ नये. काही स्वस्त लेसर प्रिंटर लिनक्सवर त्रास देतात. ज्यांचे पोट एखाद्या ठराविक विंडोज प्रोग्रामवर अवलंबून आहे त्यांनी तोच ठेवावा. अभ्यास, पत्रे, हिशेब, इंटरनेट आणि चित्रपट एवढेच काम असणाऱ्या घराला मात्र लिनक्स पुरून उरतो. वर्ड आणि एक्सेलच्या जागी लिब्रेऑफिस मिळते, तेही विनामूल्य.

मराठीचे काय?

इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये आधीपासूनच असतो, फक्त सेटिंगमध्ये निवडायचा. जुन्या फाँटमध्ये टाईप केलेले अर्ज मात्र उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. तो दोष लिनक्सचा नव्हे, ती फाईलच युनिकोडमध्ये नसते. असे महत्त्वाचे कागद विंडोज असतानाच पीडीएफ करून ठेवावेत.

कागदपत्रे आधी, लिनक्स नंतर

कायमचा लिनक्स बसवताना ‘सर्व डिस्क पुसा’ असा पर्याय समोर येतो. तो दाबण्यापूर्वी फोटो, ऊसबिले आणि मुलांचे दाखले यांच्या दोन प्रती काढाव्यात. एक प्रत घरात आणि दुसरी दुसऱ्या गावी ठेवावी. शिरोळ-करवीरच्या नदीकाठच्या गावांनी २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै पाहिला आहे. पाणी उंबऱ्याशी आले की माणसे आणि जनावरे हलवायची, संगणक कोण उचलतो? उंचावरच्या गावी बहिणीच्या किंवा मामाच्या कपाटात ठेवलेला पेनड्राइव्ह त्या वेळी लाखमोलाचा ठरतो. ही गोष्ट विंडोजवाल्यांनीही करावी.

निगा

आपल्या जिल्ह्याला संगणक नवा नाही. १९९८ साली वारणानगर परिसरातील सुमारे ७० गावांसाठी संगणक-जोड योजना सुरू झाली. पुढे तेथे काही गावांत संगणकाचे काम मोबाईलच्या संदेशांवर नेऊन पाहिले गेले, कारण गावोगावची यंत्रे राबती ठेवणे खर्चाचे होते. यंत्र घेता येते, निगा मात्र रोजची असते. लिनक्सही याला अपवाद नाही.

म्हणून आठवड्यातून एकदा अपडेट करावे. मिंटमधील ‘टाइमशिफ्ट’ सुरू ठेवावे, म्हणजे काही बिघडल्यास यंत्रणा आधीच्या चांगल्या स्थितीला नेता येते. फोटो-कागदांची प्रत मात्र ते ठेवत नाही. ती वेगळीच काढावी. कोणी पाठवलेली आज्ञा अर्थ न समजता टाईप करून आपला पासवर्ड देऊ नये. ओळख नसलेले औषध आपण पिकावर फवारत नाही, तसेच हे. झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्हवर येणारे विंडोजचे व्हायरस सहसा लिनक्सवर चालत नाहीत. परंतु ओटीपी विचारणारा भामटा लिनक्सला भीत नाही. तेथे आपणच सावध राहावे.

एका वेळी एकच यंत्र बदलावे आणि महिनाभर वापरावे. घरातल्या सर्वांना, विशेषतः हिशेब ठेवणाऱ्या गृहिणीला, ते सोयीचे वाटले तरच कायम करावे. नाही जमले तर पेनड्राइव्ह काढून घ्यावा. आपले काहीच गेलेले नसते. गावातल्या दोन-तीन घरांनी मिळून हे केले तर एकाला अडले की दुसरा सांगेल. काय चालले आणि काय अडले ते यंत्राच्या सालासह आम्हांस कळवा. त्यातून शेजारच्या गावाला उपयोगी पडेल ते पुढच्या एखाद्या अंकात देऊ.