निशाण कुणाच्या हाती?

आमच्या अंगणातल्या किल्ल्याला यंदा समुद्र लाभला. चिरंजीवांनी जुन्या परातीत पाणी ओतून कागदी होड्या सोडल्या आणि एकीवर टाचणीचे निशाण खोवले. ती सेनापतीची. नेमकी तीच फुलबाजीच्या ठिणगीने पेटली. बहाद्दराने निशाण उपटले आणि शेजारच्या होडीत रोवले. धाकटी कन्या कडाडली, "पळपुटा सेनापती! जहाजाबरोबर बुडायचं असतं. हो की नाही हो, बाबा?"

मराठीच्या मास्तराला आरमारातले काय कळणार! पण पोरांपुढे अज्ञान कबूल करील तो मास्तर कसला? म्हटले, "बुडायचंच असेल तर ते कप्तानानं. ॲडमिरलनं नव्हे."

कप्तान हा एका जहाजाचा धनी, ॲडमिरल साऱ्या ताफ्याचा. शिडांच्या काळात तोफांचा धूर कोंदला की बाकीची जहाजे निशाणाच्या जहाजाकडे डोळे लावून असत, कारण हुकूम सुटत ते तिथल्याच डोलकाठीवरून, निशाणांच्या खुणांनी. डोलकाठ्या मोडल्या की ॲडमिरल जिवंत असून मुका! मग होडी पाण्यात सोडायची, हाताखालची माणसे बरोबर घ्यायची आणि धडक्या जहाजावर जाऊन निशाण पुन्हा चढवायचे. हे पळणे नव्हे. उलट, त्या होडीइतकी उघडी जागा साऱ्या लढाईत नसते. 1673 साली टेक्सेलजवळ डचांशी लढताना इंग्रज ॲडमिरल स्प्रॅग याने एकदा जहाज बदलले. दुसरेही मोडले, म्हणून तिसऱ्याकडे निघाला. वाटेत गोळ्याने होडी फुटली आणि स्वारी बुडाली.

मोठी मौज घडली ती अमेरिकेतल्या एरी सरोवरात, 10 सप्टेंबर 1813 रोजी. इंग्रजांशी लढणाऱ्या पेरीच्या निशाणावर अक्षरे होती, 'जहाज सोडू नका'. पण त्याच्या 'लॉरेन्स' जहाजाची चाळण झाली, बहुतेक खलाशी मेले किंवा जखमी झाले, तेव्हा पेरीने तेच निशाण उतरवले, होडीत घेतले आणि जहाज सोडले! गोळ्यांच्या माऱ्यातून तो 'नायगारा'वर पोचला आणि हरत आलेली लढाई त्याने जिंकली. उपदेश मोडला तो उपदेशाच्या हेतूसाठी. आमच्या शास्त्रीबुवांनाही हा अर्थ मान्य व्हावा.

पण या गोष्टीचे खरे मर्म मला दिसते ते मिडवेच्या लढाईत, 4 जून 1942 या एका दिवसात.

सकाळी अमेरिकन विमानांनी काही मिनिटांतच जपानची तीन विमानवाहू जहाजे पेटवली. 'अकागी'वर ॲडमिरल नागुमो होता. बिनतारी यंत्रणा निकामी, जिन्यांवर आग, तरी तो जागचा हलेना. कप्तान म्हणाला, जहाजाचे मी पाहतो, आपण ताफ्याचे पाहा. सहकाऱ्यांनी फार विनवले तेव्हा तो खिडकीतून दोराने उतरला आणि 'नागारा' क्रूझरवर गेला.

दुपारी तीच पाळी अमेरिकन फ्लेचरवर आली. त्याचे 'यॉर्कटाउन' बॉम्बने घायाळ झाले, तेव्हा तोही 'ॲस्टोरिया' क्रूझरवर गेला. पुढे पाणतीर लागून 'यॉर्कटाउन' पुरतेच निकामी झाले. फ्लेचर हुद्द्याने वडील होता. पण क्रूझरवर बसून विमानांची लढाई चालवता येत नाही, हे त्याने ओळखले आणि धाकट्या स्प्रूअन्सला कळवले की तुम्ही चालाल तसा मी चालेन.

जपानचे चौथे जहाज 'हिर्यू' त्याच संध्याकाळी पेटले. ज्या विमानांनी ते पेटवले, त्यांत 'यॉर्कटाउन'ची निराधार विमानेही होती, स्प्रूअन्सच्या 'एंटरप्राइज'वरून उडालेली. 'हिर्यू'वरचा ॲडमिरल यामागुची मात्र हलला नाही. दुसऱ्या पहाटे खलाशांना निरोप देऊन तो कप्तानासह जहाजावरच राहिला. त्याच्या मरणापुढे मान लवते. पण जपानने जहाजाबरोबर एक कसलेला सेनानीही गमावला.

विजयाचे श्रेय पुढे बहुतांशी स्प्रूअन्सच्या नावावर जमा झाले. फ्लेचरचे नाव मागे पडले. बुडायला धैर्य लागते. निशाण घेऊन होडीत उतरायला अधिक. पण आपले निशाण धाकट्याच्या हाती देऊन त्याच्या मागून चालायला जे लागते, त्याला धैर्य हा शब्द मला तोकडा वाटतो. कुटुंबातल्या किल्ल्या असोत की संस्थेची खुर्ची, आपण सारे ती टाचणी शेवटपर्यंत मुठीत धरून बसतो.

एवढे प्रवचन ऐकून धाकटी दादाला म्हणाली, "मग आता निशाण मला दे."

त्याने दिले नाही. त्याचे वय लहान आहे. पण माझे चाळिशी उलटलेले आहे, आणि कपाटाच्या किल्ल्या अजून माझ्याच खिशात आहेत!