कुंपणाला कोण राखणार?

निवडणुका जवळ आल्या की आम्हां धर्मगुरूंच्या प्रवचनांना धार चढते. सत्ता माणसाला नासवते, आणि सत्ता जितकी निरंकुश तितकी नासाडी अधिक, या आशयाचे लॉर्ड ॲक्टन यांचे मत आम्ही मंत्र्यांना, आमदारांना, नगरसेवकांना आवर्जून लावतो. भाविक माना डोलावतात आणि आम्ही समाधानाने वेदीकडे वळतो. मात्र ॲक्टन यांच्या लेखणीसमोर त्या वेळी कोण होते, हे आम्ही सांगत नाही. त्यांच्यासमोर राजांबरोबर पोपही होते.

ॲक्टन हे कॅथलिक इतिहासकार. मँडेल क्राइटन या अँग्लिकन धर्मगुरूंनी पोपपदाचा इतिहास लिहिताना धर्मसुधारणेच्या काळातील पोपना फार सौम्य न्याय लावला, अशी त्यांची तक्रार होती. 1887 च्या एप्रिल महिन्यात त्यांनी क्राइटन यांना पत्र लिहून ती मांडली. प्रसंग मोठा विलक्षण होता. पोपची बाजू सावरत होता अँग्लिकन, आणि जाब विचारत होता कॅथलिक! ॲक्टन यांचे म्हणणे असे, की मोठ्या पदावरील माणसाला सामान्य माणसाहून कठोर माप लावले पाहिजे. कारण कायद्याचा हात त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. पद पवित्र असले म्हणून त्यावर बसणारा आपोआप पवित्र ठरत नाही. हे लिहिणारे ॲक्टन 1902 साली निधन होईपर्यंत ख्रिस्तसभेतच राहिले. जाब विचारणे म्हणजे द्रोह, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

यावर आमच्यातील अनेकांचा आक्षेप ठरलेला आहे. आपण मूठभर, बाहेरचे वातावरण हे असे, घरची उणीदुणी चव्हाट्यावर मांडून विरोधकांच्या हाती कोलीत कशाला द्यायचे? हा युक्तिवाद वरवर शहाणपणाचा वाटतो. पण पवित्र शास्त्राने तो कधीच मानलेला नाही. दाविदाने उरीयाची पत्नी घेतली आणि त्याला युद्धात मारवले, तेव्हा नाथान संदेष्टा दरबारात जाऊन राजासमोर उभा राहिला, आणि शास्त्रकर्त्याने तो प्रसंग गाळला नाही. इ. स. 390 मध्ये सम्राट थिओडोसियसच्या आज्ञेने थेस्सलनीकात कत्तल झाली. संत अँब्रोज यांनी त्याला प्रायश्चित्त केल्यावाचून पवित्र सहभागापासून दूर ठेवले. नाथानामुळे इस्राएल बुडाले नाही आणि अँब्रोजमुळे ख्रिस्तसभा दुबळी झाली नाही.

उलट झाकपाकीने काय झाले, ते आमच्या पिढीने पाहिले आहे. बालकांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना एका धर्मग्रामातून दुसऱ्या धर्मग्रामात हलवले गेले, आणि 'सभेची बदनामी नको' हेच त्याचे कारण होते. 2002 साली बोस्टन येथील प्रकरण उघड झाले आणि त्या वर्षअखेरीस तेथील कार्डिनलना पद सोडावे लागले. जे नाथानाने सांगायचे ते वृत्तपत्राला सांगावे लागले. पुढे 2019 साली पोप फ्रान्सिस यांनी नियम घालून दिले. अशा तक्रारी वरिष्ठांना कळवणे धर्मगुरूंवर बंधनकारक झाले आणि त्या दडपणारे बिशपही चौकशीच्या कक्षेत आले. बदनामी टळली नाहीच. तोवर कित्येक लेकरांची आयुष्ये मात्र होरपळली.

रोम आणि बोस्टन दूर राहिले. आमच्या धर्मग्रामात सत्ता नाही काय? दाखल्यावरची सही, लग्नाची कागदपत्रे, शाळेतला प्रवेश, तिजोरीची किल्ली आणि व्यासपीठावरचा ध्वनिक्षेपक, हे सारे ज्याच्या हाती आहे त्याने आपण केवळ सेवक असल्याचे सांगू नये. 1983 च्या धर्मविधिसंहितेने आम्हांला पळवाट ठेवलेली नाही. प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे, असे 537 वे कलम सांगते. भाविकांनी अर्पण केलेल्या धनाचा हिशेब भाविकांना द्यावा, असे 1287 वे कलम सांगते. सभेच्या हिताविषयी आपले मत आदरपूर्वक मांडणे हा प्रापंचिकांचा हक्क, प्रसंगी कर्तव्यही आहे, असे 212 वे कलम सांगते. सेमिनरीत आम्ही ही कलमे अभ्यासली, परीक्षेत लिहिली आणि धर्मग्रामात येताच विसरलो.

विसरलो, असे लिहिताना आमची मान खाली जाते. काही वर्षांपूर्वी एका तरुणाने सभेत उठून सणाच्या वर्गणीचा हिशेब मागितला. हिशेब चोख होता. पाच मिनिटांत दाखवता आला असता. पण 'आम्हांला विचारणारा हा कोण?' या भावनेने आम्ही पेटलो आणि पुढच्या रविवारी प्रवचनात त्याचे नाव न घेता त्याला झोडपले. त्याला उत्तर देता येणार नव्हते. ध्वनिक्षेपक आमच्या हाती होता. त्यानंतर तो मिस्साला आला नाही. त्याची आई येते आणि आमच्याकडे न पाहता निघून जाते. एका पैशाचाही अपहार न करता सत्तेचा अपहार करता येतो, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

म्हणून आमचे बांधवांना सांगणे आहे, की आमदाराला जाब विचारण्यापूर्वी आपल्या धर्मग्रामाचा जमाखर्च मंदिराच्या सूचनाफलकावर लावा. अर्थसमितीत होयबा भरू नका. आणि भाविकांना सांगणे आहे, की विचारा. आदराने विचारा, पण विचारल्यावाचून राहू नका. कुंपण शेत खाऊ लागले तर ओरडायचे कोणी? ज्यांचे शेत आहे त्यांनीच. पुण्यगुरुवारी आम्ही कमरेला पंचा बांधून बारा जणांचे पाय धुतो. त्या तरुणाच्या दारी जाण्याचे धैर्य आम्हांला अद्याप झालेले नाही. येत्या पुण्यगुरुवारच्या आत आम्हांला तेथे जायचे आहे.