तिकीट असेल तर सीमा सोपी

मेक्सिकोतला तिहुआना विमानतळ अमेरिकेच्या सीमेवरच्या कुंपणाला जवळजवळ चिकटून आहे. डिसेंबर २०१५मध्ये त्या कुंपणावरून सुमारे १२० मीटर लांबीचा बंदिस्त पादचारी पूल सुरू झाला, तोही खासगी पैशातून. अमेरिकेतल्या सान दिएगोच्या बाजूने शिरायचं, बॅग ओढत देश बदलायचा आणि थेट विमानतळावर उतरायचं. हा खटाटोप कशासाठी, तर तिहुआनाहून ग्वादालाहाराचं विमान देशांतर्गत ठरतं, म्हणून बहुधा स्वस्त पडतं. शिवाय सान दिएगोच्या विमानतळाला धावपट्टी एकच, तिथून मेक्सिकोत जाणारी उड्डाणं मोजकी. पूर्वी हेच प्रवासी सान इसिद्रोसारख्या नाक्यांवरून जात आणि परतताना तासन्‌तास ताटकळत. यावरून मला वाटतं, सीमेवरचा खोळंबा हा तपासणीचा अटळ परिणाम नव्हे. खिडक्या किती आणि कोणासाठी, यावर तो ठरतो. सुरक्षेचं काय, असं कोणी विचारेल. पण पारपत्र आणि सामानाची तपासणी पुलावरही चुकत नाही. उलट प्रत्येकाच्या हाती त्या विमानतळाचं तिकीट असल्याने गर्दीचा अंदाज आधीच बांधता येतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पूल फक्त विमानप्रवाशांसाठी, वर शुल्कही, तिहुआनाहून रोज कामाला जाणारा मजूर जुन्याच रांगेत. खरं आहे. मात्र हा दोष पुलाच्या माथी मारण्यात अर्थ नाही. त्याचा जाब सरकारी नाक्यांना विचारायला हवा.